हनूच्या देखत

रवि. ४ फेब्रुवारी १९५१
शनिवारी शब्बाथ, वही उघडत नाही, म्हणून परवाचं आज. पुन्हा तेच. शुक्रवारचा दिवा लावला, मनुकांचं सरबत पेल्यात ओतलं, शेमाची प्रार्थना म्हणायला आम्ही दोघांनी डोळ्यांवर हात ठेवले आणि हनू किंचाळली. नुसती किंचाळली नाही, माझ्या दंडाला कडकडून चावली. ह्यांच्या हातातला पेला हिंदकळला, सगळं सरबत चादरीवर. सलग चौथा शुक्रवार. साडेचार वर्षांची घोडी झाली. एक धपाटा घातला.
शाळेत बिगारीची चाळीस पोरं सांभाळते. बाईंच्या वर्गात कशी सुतासारखी सरळ असतात म्हणतात सगळे. घरातली एक आवरत नाही.
हे म्हणतात, लाडावून ठेवलीयस. ठेवलीयस म्हणे, आपण ठेवलीय नाही.

मंगळ. ६ फेब्रु.
शाळा ७॥ ते ११. जेवून जरा लवंडले. खाडीवरचा वारा, कुठेतरी रहाटाचा आवाज, डोळा लागत होता. पांढरं पांढरं काही दिसत होतं, मिठाच्या राशी असाव्यात, त्यांच्यामधून मी चाललेय आणि पाय भिजत नाहीत... तेवढ्यात पापणीवर बोटं. हनू माझे डोळे उघडत होती. आधी एक, मग दुसरा. "झोपू नको."
हात झटकला. मग भिंतीला टेकून बसली आणि टक लावून बघत राहिली, माझी झोप पुरती उडेपर्यंत. राग आला. रागाच्या तळाशी आणखीही काही होतं, पण वह्या तपासायच्या होत्या.

गुरु. ८ फेब्रु.
शाळेतल्या मोठ्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, अर्धा तास खोलीत कोंडा, आठवड्यात ताळ्यावर येईल. आज पुन्हा चावली, कोंडलं. रडेल, दार बडवेल वाटलं होतं. काही नाही. दर थोड्या वेळाने आतून फक्त, "आई, आहेस ना?" मी ओ दिली नाही. बाईंनी तसंच सांगितलं होतं. तिसऱ्या की चौथ्या वेळेला आवाज इतका बारीक झाला की मीच कडी काढली. अर्धा तास पुरा झाला नाही.

सोम. १२ फेब्रु.
आज चिमी बोलली. चिमी शेजारची. सकाळी मिठागरावर कामाला जाते, मी शाळेत असते तोवर हनू तिच्याबरोबर बांधावर खेळते. माझ्या दंडावरचे दातांचे व्रण बघून म्हणाली, "बाय, पोर वंगाल नाय. माज्याजवल कवा चावली नाय."
मी म्हटलं, माझंच नशीब.
"तसा नाय. त्या दिशी मी सावलीत जरा डोलं मिटलं, तं मना हलवून इचारते, चिमीमावशी, तू पन जाशील?"


दुपारी. लिहूनच टाकते, मनात ठेवून काही होणार नाही. मलकाआत्या, ह्यांची विधवा बहीण, हनूला तान्हेपणापासून तिनेच वाढवलं. झोपायची हनू तिच्याच कुशीत. गेल्या महिन्यात ती इस्रायलला गेली, कायमची. निघताना हनू आकांत करील, मलकाचा पाय निघणार नाही, म्हणून सगळ्यांनी ठरवलं, पोरीला खेळात गुंतवा. आपल्याकडे असंच करतात. माझी आईही असंच करायची. अंगणात आंधळी कोशिंबीर मांडली. हनूच्या डोळ्यांवर पट्टी मी बांधली. गाठ घट्ट आहे ना, हेही मीच बघितलं. दहापर्यंत मोज म्हटलं. तिला सातच्या पुढे येत नाही. सात, सात, सात म्हणत, हात पसरून अंगणभर फिरत होती, हसत होती, आणि मागच्या दाराने मलका गेली.
आणि मी तिला चावरी म्हणते.

गुरु. १५ फेब्रु.
ह्यांचे इस्रायलचे कागद आले. ५ मार्चला निघायचं. हे पुढे, आम्ही दोघी मागून, सहा महिन्यांनी, नाहीतर... बघू.
हे म्हणाले, "त्या दिवशी तिला सकाळीच चिमीबरोबर पाठव. मला बघवणार नाही तिचं रडणं."
नाही म्हटलं. ती बघेल, रडेल, तुम्ही बघायचं.
"दगड आहेस तू."
असेन. रात्री जेवलो नाही दोघंही.
चिमीला एवढंच सांगितलंय की हे परदेशी नोकरीला जातायत. आम्हीही जाणार हे नाही. तिचा जीव आहे हनूवर. पुढचं पुढे.

रवि. २५ फेब्रु.
हनूला सांगितलं. मिठागराच्या बांधावर घेऊन गेले होते. मिठाच्या वाफ्यांत पाणी इतकं स्थिर की आभाळ वर की खाली कळेना. दूर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका धुरकट. चालता चालता वाटलं, हे सगळं मी आधीच सोडून गेलेय आणि आठवतेय.
बाबा आगबोटीने जाणार, म्हटलं. मग खूप दिवसांनी आपण. चिमीमावशीला मात्र एवढ्यात बोलू नकोस.
 हनूने विचारलं, "कुठल्या दाराने जाणार?"
"पुढच्या. तुझ्या देखत."
मिठाचा खडा उचलून तोंडात टाकला तिने. मी रागावले नाही.

सोम. ५ मार्च
मोटार स्टँडवर तिघं. ट्रंक टपावर चढली. हे खाली वाकले तशी हनूने त्यांच्या हाताला चावा घेतला, मग मातीत बसून असं रडायला लागली की हमालसुद्धा थांबले. बाईंची मुलगी, कुणीतरी म्हणालं. म्हणू दे. मी गप्प बस म्हटलं नाही. फार जड गेलं, तोंडाशी आलं होतं.
हुंदक्यांत ती ह्यांना म्हणाली, "माझं रडून होईपर्यंत थांबा."
कंडक्टर घंटा मारत होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ट्रंक खाली उतरवून घेतली. मोटार गेली. हे धोतर सावरून मातीत तिच्याशेजारी बसले.
किती वेळ गेला ठाऊक नाही. ऊन वर आलं. तिचं रडणं उचक्यांवर आलं, मग उचक्याही थांबल्या. नाक पुसून म्हणाली, "आता जा."
तेव्हा ह्यांना रडू फुटलं. पुढच्या मोटारीने गेले. माझ्याशी धड बोलणंच झालं नाही.

रवि. ११ मार्च
परवा दिव्यापाशी दोघीच. चावली नाही, चिमटा काढला. हलका. तो चाव्यांच्या हिशोबात धरत नाही मी.
काल दुपारी माझ्याआधी तीच झोपली. तोंड उघडं, एक पाय माझ्या पोटावर. त्या पायाचा भार किती गोड लागला.
आज भांडी लावताना हनू म्हणाली, "चिमीमावशीला सांगितलंस? आपण जाणार ते?"
"सांगू."
"कधी?"
"जाताना सांगू. उगाच आत्तापासून तिला कशाला रडवायचं."
तिने हातातली वाटी खाली ठेवली. 
"मग ती रडणार कधी?"
 वही घेऊन बाहेरच्या ओट्यावर येऊन बसले. चार वाजून गेलेत. चिमी साडेचारला मिठागरावरून येते, पाय धुऊन आधी इथेच टेकते. काय म्हणायचं ते मनात जुळवून बघतेय. चिमी, तुला एक सांगायचं राहिलं. नाही, राहिलं कसं म्हणू, मीच लपवलं. पाय धुतल्याचा आवाज आला, आली ती.