दुसरा ब्रेक

३ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

फोनवर ऑपरेशनचा विषय काढला की तू ‘बघू’ म्हणतेस आणि हवापाण्यावर घसरतेस, म्हणून हे पत्र. सर्जन होऊन सहा महिने झाले, आता तरी माझ्या हर्नियाला तारीख दे. इथल्या डॉक्टरांनी दोनदा बोलावलं. मी ठणकावून सांगितलं, घरची सर्जन असताना परक्याच्या हाती पोट देणार नाही. पट्टा आवळून शिकाऊ पोरांना ड्रायव्हिंग शिकवतोय. गाडीने गचका खाल्ला की कळ डोक्यात जाते. मामी म्हणते, मोटार स्कूलच्या पाटीवर भाचीचं नाव लिहायचं तेवढं राहिलंय.

लोभ आहेच, तारीख तेवढी कळव.

तुझा मामा

१२ फेब्रुवारी

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगायला जीभ रेटेना. तुझं ऑपरेशन मी करू शकत नाही, कारण मला ते येत नाही.

आमच्या शिकायच्या तीन वर्षांतली दोन करोनाच्या साथीत गेली. तातडीची सोडून सगळी ऑपरेशनं बंद, आणि तातडीची सर स्वतःच झटपट उरकायचे. आम्ही वॉर्डात. ऑक्सिजन लावला, माणसं पालथी निजवली, घरच्यांना फोन केले. त्या कामाची लाज नाही. पण हात बसायचा तो बसलाच नाही. खोलीवर मी ड्रॉवरच्या मुठीला दोरा बांधून टाक्यांच्या गाठी मारत बसायचे. परीक्षा पाठांतरावर पास झाले आणि तू सगळीकडे सांगत सुटलास.

मागच्या आठवड्यात सरांनी हर्नियासाठी चाकू माझ्या हातात दिला. टेबलावर तुझ्याच वयाचा माणूस. छेद कुठे घ्यायचा ते पाठ होतं, पण चाकू टेकवायचं धाडस होईना; चक्कर येतेय असं सांगून मी तो परत दिला. बाहेर त्याच्या बायकोने विचारलं, तुम्हीच केलंत ना? मी मान हलवली. तेव्हापासून आरशात बघवत नाही.

तिथल्याच डॉक्टरांकडे जा. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. हे वाचूनही लोभ उरला, तर असू दे.

तुझी ठमी

२० फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

आधी रागच आला. एवढ्या बढाया मारल्या, आता तोंड कुठे लपवू, हेच पहिलं मनात आलं. मग त्याचीच लाज वाटली. पोर तिकडे हवालदिल आणि मी माझं नाक सांभाळतोय.

शिकाऊ गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, म्हणून पोरं चुकायला धजतात. पण दारातल्या माझ्या स्वतःच्या गाडीला आजवर कुणा शिकाऊला हात लावू दिला नाही. मामीलाही नाही. तुझं पत्र वाचून ती एवढंच म्हणाली, “म्हणजे शिकायचं ते लोकांच्या गाडीवर.”

तुझ्या सरांना फोन केला. आधी ते नातेवाईक नको म्हणून अडून बसले. मग म्हणाले, तिला जमेल तेवढं ती करेल, उरलेलं मी. तेव्हा सोमवारी येतोय. सर शेजारी असतील, ब्रेक त्यांच्या पायाखाली. अडलीस तर थांब, पण चाकू परत देऊ नकोस.

बाहेर मामी बसलेली असेल. कुणी किती केलं, ते तिला खरं सांग.

लोभ होता तेवढाच आहे.

तुझा मामा