आत्याला पेलेल अशी गन

९ डिसेंबर, मंगळवार

कोल्हारला पोचलो. पुलाच्या अलीकडेच उतरलो. प्रवरेला अजून पाणी आहे. एक माणूस म्हैस धुताना तिच्याशी काहीतरी बोलत होता, ते ऐकू येईना, म्हणून कठड्याला टेकून दहा मिनिटं थांबलो. मग आणखी दहा. मग आठवलं – मी घाईत आलोय!

आत्यानं दार उघडलं. सहा महिन्यांनी दिसतोय मी तिला. म्हणाली, "पाय धू." एवढंच. मग भाकरी, वांगं, आणि मी मनालीकडच्या ढाब्यावर काय काय केलं ते सगळं विचारलं. का गेलास, ते नाही विचारलं. जूनमध्ये जाताना चहाच्या डब्याखाली चिठ्ठी ठेवली होती – "जातो. कधी येईन सांगता येत नाही." ती चिठ्ठी अजून त्याच डब्याखाली आहे! तेलकट झालीय.

बाबांनी फोन करून बोलावलंय. बाबा संगमनेरला, आत्या इथं एकटी. चौतीस वर्षं इथल्या शाळेत विज्ञान शिकवलं, रिटायर झाल्यावर साठाव्या वर्षी गाडी शिकली, जुनी वॅगनार घेतली. आता बाबा म्हणतात, विकायची. कारण गेल्या गुरुवारी बाभळेश्वरच्या पुढे पंक्चर झालं. आत्यानं जॅक काढला, पाना लावला – नट हलेचना. तिचा उजवा हात मनगटात एकदा मोडलेला आहे. अडीच तास उन्हात बसली. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवरचा हनुमंत नावाचा माणूस थांबला. पान्याला लोखंडी पाइप घातला, त्यावर उभा राहिला, तेव्हा कुठे एकेक नट कडाड करून सुटला. आत्यानं त्याची नक्कल करून दाखवली – "बाई, कुनी आवळलं व्हय हे? रेल्वेचं चाक हाय का?"

बाबा टायरवाल्याला शिव्या देतात. हवेच्या गननं आवळतात म्हणे मुडदे.

मी भाकरी खात राहिलो.

१० डिसेंबर

टायरवाला नाही. मी. जूनमध्ये जायच्या आदल्या दिवशी चारही चाकं काढून ग्रीस-बिस बघितलं, आणि परत लावताना पान्यावर उभा राहून उड्या मारल्या. प्रत्येक नटाला तीन. म्हटलं आत्या एकटी असते, चाक निखळायला नको.

११ डिसेंबर, गुरुवार

हे कुणाला सांगितलेलं नाही. फक्त इथं लिहिलंय.

बाबा फोनवर म्हणाले, रविवारी येतो. आत्यानं त्यांच्यासमोर एकटीनं चाक बदलून दाखवावं, कुणी हात लावायचा नाही. जमलं तर गाडी तिची. नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे. चाव्या त्यांनी आधीच संगमनेरला नेल्यात; एक जादाची घरात आहे, ती तोपर्यंत मी सांभाळायची. आत्या बाबांबद्दल म्हणाली, "रवी लहानपणी पण असाच होता. आपण पडू म्हणून दुसऱ्याला झाडावर चढू द्यायचा नाही."

आज गुरुवार. गुरुवारी आत्या आश्वीला राहीबाईंकडे जाते. राहीबाई तिच्या शाळेत शिपाई होत्या, आता डोळ्यांनी दिसत नाही. आत्या त्यांना गाडीत बसवते आणि फिरवते. कुठंही. आणि बाहेर काय दिसतंय ते सांगत राहते – हा कांदा काढणीला आलाय, ही नवी कमान, हा गाढवावरचा माणूस. आज नाही गेली. दुपारी राहीबाईंचा फोन आला. त्या सकाळपासून लुगडं बदलून ओट्यावर बसलेल्या. आत्यानं गाडीचं निमित्त सांगितलं, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्याकडे बघत होती – म्हणजे आमच्याच ओट्याकडे, तिथं कुणी नव्हतं.

मी ठरवलं. बॅटरीची गन घ्यायची. इम्पॅक्ट रेंच. बटण दाबलं की नट सुटतो, मनगटाला काम नाही. ढाब्यावर एका ट्रकवाल्याकडे होती. संध्याकाळपर्यंत मोबाईलवर व्हिडिओ बघितले. सात गनची तुलना बघितली, मग एक माणूस गंजलेला ट्रॅक्टर सुधारतो तो व्हिडिओ, मग किल्ल्यांचे. खर्ड्याच्या किल्ल्याचा आला! मी मार्चमध्ये गेलो होतो तिथं, जामखेडच्या पुढे. आत्याला दाखवला. काय भिंती आहेत! आत उभं राहिलं की वारा वेगळाच लागतो, बाहेरचा आवाजच येत नाही. आत्यानं विचारलं, इथून किती लांब? म्हटलं दीडशेच्या आसपास. "हं," म्हणाली.

गन कुठली घ्यायची ते राहूनच गेलं.

१२ डिसेंबर

कारभारी शेजारीच राहतात, त्यांच्याकडे एक गन आहे. ऑनलाइन मागवलेली, डब्यावर आकडे असे की रणगाडा खोलावा. आणली. मागच्या उजव्या चाकाला लावली. टकटकटकटक – नट जागचा हलला नाही. वर जळकट वास. कारभारी म्हणाले, "माझ्या पंपाचे नट खोलती की. तुझ्या नटालाच कायतरी रोग हाय."

रोग माझाच.

मग डोकं चाललं. पुढचं एक चाक हनुमंतानं लावलंय, ते बरं असेल. उरलेली तीन माझी. उद्या पहाटे कारभारींचा पाइप घ्यायचा, सगळे नट सोडवायचे आणि नीट बेतानं आवळून ठेवायचे. रविवारी आत्या साध्या पान्यानं पण काढेल. कुणाला कळणार नाही!

१३ डिसेंबर, शनिवार

पहाटे पाइप घेऊन गाडीपाशी बसलो तर आत्या चहा घेऊन मागे उभी. डोक्याला मफलर. मी म्हटलं, जरा मोकळे करून ठेवतो.

"राहू दे तसेच. रस्त्यावर कुणी आधी येऊन मोकळे करून ठेवत नाही. तेच सोडवायचे मला, रवीसमोर."

पाइप परत देऊन आलो. म्हणजे आता गन अशी पाहिजे की माझ्या उड्यांना पुरेल आणि आत्याच्या हाताला पेलेल. दोन्ही. एकाही व्हिडिओत हे दोन्ही एकत्र सांगत नाहीत, सगळे ताकदीचंच बोलतात.

आत्याला घेऊन संगमनेरला गेलो. स्टँडच्या मागे भागवत हार्डवेअर, भागवतशेठ स्वतः गल्ल्यावर. त्यांनी पहिली काढली ती सगळ्यात दांडगी. मी हातात घेतली – काय वस्तू आहे! मनात घेऊन टाकली. आत्यानं घेतली, हात लांब केला, चाकाला लावतात तशी धरली. टोक खाली यायला लागलं. तिनं डाव्या हाताचा आधार दिला, तरी टोक खालीच. अलगद काउंटरवर ठेवली, जशी झोपलेली मांजर ठेवावी.

मग ती मास्तरीण झाली. वजन लिहिलंय ते बॅटरीसकट की बॅटरीशिवाय? हा आकडा सोडवतानाचा की आवळतानाचा? मोटरमधले कार्बन घासून झिजतात, ते बदलावे लागतात का? भागवतशेठ सरळ होऊन बसले. म्हणाले, "बाई, तुमी मला शिकवलंय का वो?" नव्हतं शिकवलं. तरी त्यांनी गल्ल्यावरचं पान बाजूला ठेवलं.

शेवटी एक आखूड, बसकी गन निघाली. आतल्या मोटरला कार्बनच नाही. बॅटरीसकट दीड किलोच्या थोडं वर. तीन वेग, पुढे दिवा. सोडवायची ताकद साडेतीनशे न्यूटन-मीटर. दोन बॅटऱ्या. चाकाच्या नटावर बसणारी एकोणीसची गोटी वेगळी घेतली, काळी, गनवर चालणारी – साधी चकचकीत गोटी फुटते म्हणाले. दुकानात एक ट्रकचं ड्रम पालथं ठेवलंय, त्यावर नट लावून ठेवलेत, गिऱ्हाइकानं बघावं म्हणून. आत्यानं बटण दाबलं, नट सुटला, आणि ती हसली! पंधरा वर्षांच्या मुलीसारखी.

भागवतशेठ पिशवी देताना म्हणाले, "एक ध्यानात ठिवा. ही सोडवायला घ्यायची. आवळायला न्हाई. आवळायचं हातानंच. लोकं जीव लावून आवळत्यात आन मग रस्त्यावर रडत्यात."

मी पिशवी घेऊन आधीच बाहेर.

येताना गाडी मी चालवत होतो. लोणीच्या अलीकडे आत्यानं गाडीचं पुस्तक काढलं, चष्मा लावला. "नट किती आवळायचा, लिहिलंय बघ. पंच्याऐंशी न्यूटन-मीटर." मग पुस्तक मिटलं. "कल्याणा, गणित घालू? पाना तीस सेंटिमीटर. त्याच्या टोकावर बहात्तर किलोचा माणूस उभा राहिला. तर किती?"

मी दहावीला तिच्याकडेच होतो. केलं मनात. म्हटलं, दोनशे सोळा.

"बरोबर. आणि उडी मारली तर?"

मी गिअर बदलला. पुढे उसाची ट्रॉली होती, मागे लाल फडकं. माझं वजन बहात्तर आहे.

१४ डिसेंबर, रविवार

बाबा दहाला आले. खुर्ची मागून घेतली, अंगणात मांडली, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. परीक्षाच! आत्यानं साडीचा पदर खोचला, पुढच्या चाकाला दगड लावला.

मागचं उजवं चाक. पहिला नट, आठ-दहा टकटक आणि सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला वेळ लागला, सुटला.

चौथा नाही.

टकटकटकटक. आत्या थांबली. हात झटकला. पुन्हा. नाही. बाबांनी घड्याळ बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी जागचा उठलो तर आत्या म्हणाली, "बस." बॅटरी बदलली. वेग तीनवर आहे ना बघितलं, होता. मग खाली पाट घेऊन त्यावर बसली, कोपर गुडघ्यावर टेकवलं, गन जिथल्या तिथे घट्ट धरली आणि बटण दाबून ठेवलं. सोडलंच नाही. मी मोजत होतो. चौदापर्यंत आलो आणि – कडाड.

मग जॅक लावून चाक काढलं. स्टेपनी तिनं हातानं उचलली नाही. पायाच्या चवड्यावर घेतली, चवडा वर केला, चाक आपसूक बोल्टवर बसलं. हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. मग गन बाजूला ठेवून साधा पाना घेतला. समोरासमोरचे नट, थोडे थोडे, हातानं. शेवटी जॅक उतरवून पान्यावर एकदा अंगाचा भार टाकला. "एवढंच. आपल्याला सोडवता येईल एवढंच."

बाबांनी वाकून त्या चौथ्या नटावर बोट ठेवलं. "कुठल्या गाढवानं आवळला होता हा?"

मी म्हटलं, "मी. जूनमध्ये. उड्या मारून."

बाबा नट सोडून माझ्याकडे वळले. खूप काही येणार होतं तोंडातून, पण आत्या पदरानं हात पुसत म्हणाली, "मला माहीत आहे. खिडकीतून बघत होते मी. उन्हात चारही चाकांना उड्या मारत होता. मला वाटलं, जाणार आता हा."

"मग तेव्हाच का नाही थांबवलंस?"

"काय म्हणू, रवी? काळजी करू नकोस म्हणू?"

बाबांनी चाव्या पाटावर ठेवल्या. जेवून गेले. जाताना गन हातात घेऊन दोनदा बटण दाबून बघितलं.

१५ डिसेंबर

उरलेली दोन चाकं आत्यानं सोडवली, तिनंच आवळली. मी नुसता नट हातात देत होतो.

१७ डिसेंबर, बुधवार

बॅग भरलीय. शुक्रवारी निघायचं. एक मित्र हंपीला सायकलवर चाललाय, त्याच्यामागे जावं की कोकणात, ठरत नाही. आत्याला अजून सांगितलं नाही. सांगायचं की नेहमीसारखी चिठ्ठी – तेही ठरत नाही. ती संध्याकाळी विचारत होती, जामखेडच्या पुढे रस्ता कसा आहे, किल्ल्यात पायऱ्या किती, म्हाताऱ्या माणसाला जमेल का. मी सांगत बसलो, बुरुजावरून काय काय दिसतं ते. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, मला करमावं म्हणून विचारतेय.

१८ डिसेंबर, गुरुवार

उठलो तर घरात कुणी नाही. फाटक उघडं, गाडी नाही. चहाच्या डब्याखाली माझी जुनी चिठ्ठी, तिच्याच मागच्या बाजूला आत्याचं फळ्यावरचं अक्षर – "राहीला खर्ड्याचा किल्ला दाखवते. मी सांगेन, ती बघेल. विरजण लाव. कधी येईन सांगता येत नाही."

बॅग रिकामी केली. दूध कोमट करून विरजण लावलं. रस्त्यावर गाडी वाजली की उठून फाटकापर्यंत जातोय, आतापर्यंत नऊ वेळा. गनचा चार्जर बघितला, रिकामा. दुसरी बॅटरी पण नेलीय.