रंधा मशीनची पहिली फळी

बाबा,

चांद्याच्या आपल्या सुतारखान्यात जुने रंधा मशीन आले, त्या उन्हाळ्याबद्दल तुमच्याशी नीट बोलायचे राहूनच गेले. तुम्ही गेलात त्यालाही आता इतकी वर्षे झाली की चांद्याचे चंद्रपूर झाले, सुतारखान्याच्या जागी औषधांचे दुकान आले आणि मी तांत्रिक शाळेत यंत्रकाम शिकवता शिकवता निवृत्तही झालो. वर्गात दरवर्षी मी तेच यंत्र फळ्यावर काढत असे. मुलांना वाटे, सर पुस्तकातले शिकवत आहेत. मी आपल्या सुतारखान्यातला तो उन्हाळा शिकवत होतो, फक्त त्यातून एक माणूस वगळून.

तो माणूस म्हणजे ताईचे यजमान, आपले भाऊजी. आलापल्लीकडची एक आरागिरणी बंद पडली, तिचे सामान विक्रीला निघाले आणि तुम्ही कोणालाही न विचारता हे मशीन घेतले. ते सुटे करून वैनगंगेच्या पात्रातून नावेने अलीकडे आणण्याचे काम तुम्ही भाऊजींवर सोपवले. ते आरमोरीकडचे भातवाले शेतकरी. नदी, नावाडी, बैलगाड्या हे सगळे त्यांच्या ओळखीचे. एवढ्यापुरती माझी तक्रार नव्हती. बैलगाडी अंगणात शिरली तेव्हा मी नुकताच नागपूरहून परीक्षेचा निकाल घेऊन आलो होतो, आणि गोणपाटाखाली काय आहे ते पाहण्यासाठी जेवण टाकून धावलो होतो. भाऊजी गाडीवरून उतरत म्हणाले, "घ्या मामाजी, तुमची दुसरी पोरगी आणली. हिले मात्र सासरी नका धाडू." तुम्ही असे हसलात की खांद्यावरचा पंचा खाली पडला. मी परीक्षेत पहिला आल्याचे तुम्हाला सकाळीच सांगितले होते. तेव्हा तुम्ही "बरं झालं" म्हणाला होतात.

यंत्राची अवस्था तुम्हाला आठवत असेल. असे मशीन म्हणजे मुळात फार सुंदर कल्पना असते, बाबा. वर दोन लोखंडी टेबले, त्यांच्या मधल्या फटीत फिरणारा रूळ आणि रुळात बसवलेली धारदार पाती. वरून फळी सरकवली की तिचे एक अंग सपाट होते. मग तीच फळी रुळाखालून पाठवली की दुसरे अंग पहिल्याला समांतर होते आणि ती सगळीकडे सारख्या जाडीची निघते. हातरंध्याने दोन माणसे घाम गाळून जे करत, ते हे यंत्र बोलता बोलता करते. पण आपल्या वाट्याला आले त्याच्या टेबलांवर गंजाचे पोपडे होते, रुळाची बेअरिंगे झिजून खुळखुळत होती आणि पात्यांना दाते पडले होते.

मी क्रमाने कामाला लागलो. टेबलांवर रॉकेल ओतून विटेच्या भुकटीने गंज घासला. झिजलेल्या बेअरिंगांचा जुना धातू वितळवून काढला आणि नवा ओतला. मग दोन्ही टेबले एकमेकांना समांतर केली. लोखंडी पट्टी आडवी ठेवायची आणि तिच्यामागे दिवा धरायचा. उजेड जिथून डोकावेल तिथे कसर आहे. पात्यांचे दाते घासून धार लावली. सर्वांत नाजूक काम ती बसवण्याचे. फळी ज्या टेबलावर पुढे जाते, त्या टेबलाच्या नेमक्या पातळीत प्रत्येक पाते यायला हवे. ते ओळखायची युक्ती मी तुम्हाला करून दाखवली होती: टेबलावर लाकडाची सरळ काठी ठेवायची आणि रूळ हाताने सावकाश फिरवायचा. पाते काठीला किंचित पुढे ओढते. प्रत्येक पाते तिला सारखेच ओढू लागले की समजायचे, सगळी एका उंचीवर आली. हे सांगताना माझा आवाज चढला होता. लाकूड, लोखंड आणि डोळा यांचे असे एकमत होताना मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि ते तुम्हीही पाहावे असे मला वाटत होते. तुम्ही उकिडवे बसून पाहिलेत, मान हलवलीत आणि म्हणालात, "जवाईबापूले चहा झाला काय, पाह्य."

भाऊजी त्या दिवसांत आपल्याकडेच मुक्काम ठोकून होते. ते भुशाच्या पोत्यावर बसत आणि माझ्याकडे पाहून विचारत, "काय साळेबुवा, मशीन दुरुस्त करून राह्यले का तिची मुंज करून राह्यले? मंत्र संपतच नाईत." तुम्ही हसत. मी तुम्हाला दाबाचे, वेगाचे, धारेच्या कोनाचे सांगू लागलो की तुमचे डोळे दाराकडे जात. भाऊजी बैलाच्या खोडीची गोष्ट सांगू लागले की तुम्ही हातातला रंधा खाली ठेवत. मी दोघांकडेही पाहत असे. तुमच्या त्या हसण्यात मागचे दात दिसत. मला ते फक्त त्यांच्यासमोर दिसले.

पूजेचा दिवस आला. आपल्या घरात नव्या हत्याराचा पहिला घाव जावयाच्या हातचा, ही रीत मला ठाऊक होती. तुमची करवत, तुमची वाकस, सगळ्यांना पहिला हात आत्याच्या यजमानांचा लागला होता. पण हे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे यंत्र. मला वाटले, इथे रीत थांबेल आणि पहिली फळी ज्याने यंत्र उभे केले तो सरकवेल. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून मी टेबलाशी उभा राहिलो. तुम्ही हळदकुंकू वाहिलेत, नारळ फोडलात आणि आतून एक सागाची फळी काढून आणलीत. ताई ज्या दमणीतून सासरी गेली, तिच्या तळाची ती फळी होती. तुम्ही ती माझ्यासमोरून नेऊन भाऊजींच्या हातात दिलीत.

"या जवाईबापू. तुमचाच हात लागला पायजे."

मी म्हणालो, "बाबा, गाडीची फळी आहे. आत खिळा राहिला असेल. मला एकदा खरवडून पाहू द्या."

"पाह्यलं मी."

"तेलामातीखाली दिसत नाही. पात्यांना लागला तर..."

"बरोबर असलं का लगेच सांगाच लागते काय?" तुम्ही म्हणालात. शेजारपाजारची माणसे उभी होती. मी बाजूला झालो.

इंजिन सुरू झाले, पट्टा फडफडला, रूळ गुणगुणू लागला. भाऊजींनी फळी सरकवली. सागाचा पिवळा पापुद्रा उडाला, तेलकट वास आला आणि पुढच्याच क्षणी टणकन आवाज झाला. सगळे मागे सरले. मी इंजिन बंद केले. फळीत खोल एक खिळा होता. तो निम्मा कापला गेला होता आणि सगळ्या पात्यांना एकाच जागी खाच पडली होती. भाऊजींचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "मामाजी," ते म्हणाले, "पोरगी ओळखते बरं मले. सलामी देली तिनं." तुम्ही हसत सुटलात. खोकला येईपर्यंत हसलात.

मी पात्यांकडे पाहिले आणि तुम्हाला समजावून सांगितले की धार पुन्हा लावायची गरज नाही. खाच सगळ्या पात्यांना एकाच ठिकाणी आहे, म्हणून फळीवर तिथे लाकडाची बारीक उंच रेघ राहते. एक पाते केसभर बाजूला सरकवले, तर एकाने सोडलेले लाकूड दुसरे काढून घेईल आणि रेघ नाहीशी होईल. थोड्या वेळाचे काम होते. माझ्या हातात पानाही होता.

"राहू दे ते रेघ," तुम्ही म्हणालात. "पयल्या हाताची खूण आहे."

ती राहिली, बाबा. त्यानंतर ती पाती बदलेपर्यंत आपल्या यंत्रातून निघालेल्या प्रत्येक फळीवर ती रेघ असे. दारांच्या, पाटांच्या, शाळेच्या बाकांच्या फळ्यांवर. दर वेळी तुम्ही फळी उचलून तिच्यावरून अंगठा फिरवत आणि गालात हसत, मग ती रेघ हातरंध्याने उतरवून गिऱ्हाइकाला देत. पाती नवी बसवण्याची वेळ आली, तेव्हा त्यांतले एक जुने पाते तुम्ही भाऊजींना घरी नेऊ दिलेत. ते यंत्र वर्षानुवर्षे न कुरकुरता चालले. त्याची बेअरिंगे मी ओतली होती, टेबले मी समांतर केली होती. पण सुतारखान्यात येणाऱ्याला तुम्ही सांगत, "आमच्या जवाईबापूची मशीन." मी सुटीत घरी आलो की हे ऐकत असे आणि बेअरिंगांना तेल घालत असे. माझ्या कामाला कसली रेघ नव्हती. काम नीट झाले होते, म्हणून त्याचा कुठे माग नव्हता.

भाऊजी सध्या इथल्याच दवाखान्यात आहेत. डॉक्टरांनी ताईला बाहेर बोलावून काय सांगितले ते मला कळले आहे. मी रोज संध्याकाळी जाऊन बसतो. छताचा पंखा आवाज करतो, तेव्हा त्याचा समतोल कुठे बिघडला असेल ते मी त्यांना समजावतो. ते डोळे मिटून ऐकतात. आज म्हणाले, "साळेबुवा, मी आता चाललो तुमच्या बाबाकडं. सांगतो त्याईले, तुमचा पोरगा अजूनबी समजावूनच राह्यला म्हून." बोलताना त्यांना धाप लागली, तरी ते हसले. मग म्हणाले, "काही निरोप असन तर सांगून ठेवा. नाईतर तिकडं गेल्यावर मामाजी मलेच इचारतीन."

ताई कोपऱ्यात पदराने डोळे पुसत होती. मला रडू यायला हवे होते. पण माझ्या डोळ्यांसमोर आले ते असे की तुम्ही कुठेतरी लाकडाच्या ढिगावर बसला आहात, ते वाटेने येताना दिसतात आणि तुम्ही हातातले काम खाली ठेवता. त्यांच्या उशाशी बसून मला त्यांच्या मरणाचाच हेवा वाटला.

घरी येऊन हे लिहायला घेतले. तुमच्यापर्यंत पोचेल असा एकच हात मला ठाऊक आहे आणि निरोप न्यायला तो तयारही आहे. मी उद्या त्यांच्यासाठी मोसंबी घेऊन जाईन. हे पत्र त्यांच्याजवळ देणार नाही.