चढलेले शून्य

१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. तुझ्या वहिनीचा गुडघा सुधारला, जिभेला तर कधी काही झालंच नव्हतं. पाच वर्षांनी माझं पत्र पाहून घाबरू नकोस. उलट मला पोट सुटलंय.

नवी गाडी सुरू झाली. तीनच डबे, रस्त्यावरच्या खांबांवरून जाते. मोठी मेट्रो आपल्या शहराच्या ऐपतीबाहेरची आणि बस पुरत नाहीत, तेव्हा हे मधलंच बरं, असं तू समजावत होतीस आणि मी भरल्या ताटावरून उठलो होतो. "सख्खी बहीण माझ्या बसच्या मुळावर उठली," असंही बोललो. तेव्हापासून तू आली नाहीस.

आता हसू नकोस. ती गाडी मी चालवतो! डेपोतल्या सहा ड्रायव्हरांना शिकायला पाठवलं, त्यात मी. हॉर्न मारायला समोर कोणी नाही, शिव्या द्यायलाही नाही. पहिला आठवडा करमेना. आता मात्र घरी येऊन शांत झोपतो.

शिकवणाऱ्या साहेबांनी तुमच्या ऑफिसने केलेल्या प्रवासी-मोजणीचे कागद दाखवले. म्हणाले, "सगळे चढणारे मोजत होते. पण बसमध्ये मावतील तेवढेच चढणार ना! शाळेजवळच्या थांब्यावर एका सकाळी चढलेले शून्य आले, तेव्हा तिथं मोजणाऱ्या बाईंनी थांब्यावर राहिलेले मोजले. मग आठवडाभर मोजत राहिल्या. रोज बस थांबूनही साठ-सत्तर माणसं मागे राहायची. तिथं ही गाडी ठरली."

सगळे वा वा करत होते. मी खाली मान घालून बसलो.

ते शून्य माझं होतं, धाकटे. मीच डेपोत सगळ्यांना सांगितलं होतं, आज त्या थांब्यावर थांबायचं नाही. कागद कोरा राहील, रेल्वे बारगळेल. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. भलतंच झालं ते बरं झालं, हेही कबूल करतो.

पण खरं लिहायचं होतं ते अजून राहिलंय. त्या सकाळी थांब्यावर मोजणीचा कागद घेऊन तूच उभी होतीस. माझी बस ओळखून हसलीस, हात केलास. मी सरळ समोर बघत निघून गेलो. संध्याकाळी फोन करून विचारलंस तेव्हा म्हणालो, दिसलीच नाहीस.

दिसली होतीस. फार वाईट वाटतं गं. माफ कर.

रविवारी मला सुट्टी आहे. ये. नाही आलीस तर सोमवारी मीच तुझ्या दारात येऊन उभा राहीन.

तुझा खोटं बोललेला,
दादा