कोपरा फाटलेलं कार्ड

गढवाल, २० एप्रिल १९८५

ती. आईस,
लहानूचा सप्रेम जयभीम. मी खुशाल आहे, तूही असशील.

आमच्या पलटणीतले चौदा जवान पहाड चढायला निघालेत. त्यात माझंही नाव आलं. आपल्या जिवतीसारखा पहाड नव्हे; वर बारा महिने बर्फ असतो. पाठीवर पंचवीस किलो ओझं आणि दिवसभर चढण. आठ जण मधल्या तळावर थांबतील, सहा जण टोकापर्यंत जातील. साहेबांनी मला त्या सहांत घेतलंय, पण मी अजून हो म्हटलं नाही. बाबा बांबूची मोळी घेऊन कड्यावरून घसरले, तेव्हापासून मी साध्या झाडावर चढलो तरी तू खाली उभी राहायचीस. म्हणून विचारतो, जाऊ का? नाही म्हटलंस तर मधल्या तळावर थांबेन, रागावणार नाही. दहा जूनपर्यंत कळव. उतरलो की महिन्याची सुट्टी आहे.

तुझी माया पाठीशी असू दे.
लहानू


जिवती, ३ मे १९८५

चि. लहानूस आईचे आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र पोचलं. मीच वाचलं, दोनदा. तेंदूपत्त्याचा हंगाम आहे. पहाटे रानात जायचं, दुपारी पुडे बांधायचे. बोटं काळी झालीत, कागदावर डाग दिसला तर हसू नकोस. शेजारच्या ठमाबाईला तुझं सांगितलं, तर म्हणते, बर्फ पाहाले एवढ्या दूर काऊन गेला पोरगा, कोरपन्याच्या बजारात गोळेवाल्यापाशी नाई भेटत का? मी म्हटलं, मग तूच जाऊन त्याला हे सांगून ये.

तुला पाहून दोन वर्षं होतील. परवा पेटीतला तुझा जुना सदरा उन्हात टाकला. आता त्याला नुसता साबणाचा वास येतो.

तू विचारलंस त्याचं पुढच्या पत्री लिहीन. आज लिहिलं तर भीतीच लिहिली जाईल.

जेवत जा. आईवर लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी आई


मधला तळ, १८ मे १९८५

ती. आईस जयभीम.
तुझं पत्र मिळालं, उत्तर त्यात नव्हतं. मी खुशाल आहे. या कार्डाचा कोपरा पाहून घाबरू नकोस. वाऱ्यात स्टोव्ह पेटेना, म्हणून जोडीदाराने हाताला आलं ते फाडलं. त्याच्या ध्यानातच आलं नाही. दुसरं कार्ड नाही आणि टपाल घेऊन माणूस खाली निघालाय. तू स्वतः वाचतेस, म्हणून पाठवतो. तार केलीस तर पलटणीतून वायरलेसने वर कळेल. आई, मला जायचंय.
लहानू


जिवती, १ जून १९८५

चि. लहानूस अनेक आशीर्वाद.

काल आम्ही बाया तेंदूचे पत्ते मोजत बसलो होतो. नूरुद्दीनभाऊ पोष्टमन सायकल रस्त्यावरच टाकून पायी आले, कार्ड अंगापासून लांब धरून. म्हणाले, बाई, मी नाई वाचलं, माझ्यानं वाचवलंच नाई. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मेल्याची खबर, ते कोणी घरातही नेत नाही, हे तुला ठाऊक होतं ना रे? बायांनी कोपरा पाहिला आणि गळा काढला. ठमाबाई म्हणे, दे इकडे, गुरुजीकडून वाचून आणते. मी दिलं नाही.

तुझे बाबा गेल्यावर तुझ्याच पुस्तकातून मी अक्षरं शिकले. काल त्यातलं एक ओळखता येईना. तुझं वळण, तेही कळलं नाही. वाचत नाही तोवर तू आहेस, एवढंच कळत होतं. म्हणून कार्ड पालथं धरून बसले. ऊन कललं तेव्हा वाचलं. मग तुझ्या त्या जोडीदाराला अशा शिव्या दिल्या की ठमाबाई रडता रडता हसली.

खरं सांगते. तुला लिहिलेलं पत्र घरात तयार होतं, टाकायचं राहिलं होतं. त्यात नाही लिहिलं होतं. पण काल बसल्या बसल्या, पोराला थांबवलं असतं तर, असं एकदाही मनात आलं नाही. सलत होतं ते एवढंच, की पोराने कधी नव्हे ते काही मागितलं आणि मी त्याला वाट पाहायला लावलं. ते पत्र चुलीत घातलं.

आज सकाळच्या बसने कोरपन्याला जाऊन तार केली. तारमास्तर म्हणाले, बाई, अजून चार-सहा शब्द बसतात, लिहा ना. मी म्हटलं, एकच पुरे. जा.

उरलेले इथे लिहिते. जा म्हटलं म्हणून तू जावंस असं मला वाटतं, असं समजू नकोस. मला वाटतं तू उद्या सकाळी दारात उभा असावास. मी तुला अडवणार नाही, तूही मला हे वाटून घेऊ नको असं म्हणू नकोस.

टोकावर पोचलास की नाही, ते सवडीने कळव. उतरलास, ते आधी कळव.

तुझी आई