खंडेनवमीनंतर अडलेला कॉम्प्युटर

मुरुम,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. अर्पिता,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. समृद्धीचा खोकला थांबला का? तिला रात्री हळदीचं दूध देत जा. इकडं सोयाबीनची काढणी चालू आहे, बाजारात धूळच धूळ. माझे गुडघे बरे आहेत.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. येत्या रविवारी सामान न्यायला टेम्पो पाठवते म्हणालीस. "पप्पांबरोबर त्यांचं मशीनही गेलं, आता त्या दुकानात बसून काय करणार?" असं विचारलंस. मी गप्प बसले. तुला वाटलं, आई पुण्याला यायला तयार झाली.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. कॉम्प्युटर त्यांच्याबरोबर बंद पडला नाही. ते फेब्रुवारीत गेले. तो दसऱ्यापर्यंत नीट चालत होता. रोज दुपारी मी त्यावर टायपिंग शिकत होते. आता एका अर्जाला वीसच मिनिटं लागतात.

खंडेनवमीला ते मशीनची पूजा करायचे. यंदा मी केली. तुझ्या मोठ्या चुलतीनं, धुरपदाअक्कांनी, दारातनंच हटकलं.

"आगं, वरीस सरलं न्हाय अजून. कुंकवाला हात लावतीस व्हय?"

"अक्का, मशीनला लावते. मला नाही."

आणि ओलं कुंकू, अक्षता थेट कीबोर्डवर वाहिल्या. ते आधी वर रुमाल अंथरायचे, हे रागाच्या भरात आठवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. कंपनीचं नाव आलं आणि तिथंच थांबलं. आत पंखा फिरतोय, पुढं काही नाही. अक्का म्हणाल्या, "बघ, म्या सांगितलं व्हतं." उमरग्याचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला सोमेश येऊन बघून गेला. "काकू, मदरबोर्ड गेला. भंगारात घाला, लई जुना हाय."

खरं सांगते, आठ दिवस मलाही वाटत होतं, माझा हात लागला म्हणूनच हे झालं. तुझा फोन आला तो त्याच दिवसांत.

मग त्यांच्या कपाटातलं दुरुस्तीचं पुस्तक काढलं. दोनदा वाचलं. मागच्या वायरी एकेक काढून बघा, असं त्यात होतं. प्रिंटरची काढली, तसंच. माऊसची काढली, तसंच. कीबोर्डची काढली आणि मशीन पुढं सरकलं. पडद्यावर तुझा शाळेतला फोटो आला, त्यांनी लावलेला.

कीबोर्ड उलटा करून आपटला, तर पाच-सहा अक्षता पडल्या. एक दाणा कोपऱ्यातल्या बटणाखाली कुंकवानं चिकटला होता, म्हणून ते दाबलेलंच राहत होतं. सुईनं काढला. वायर जोडली. चालू.

अक्कांना दाणा नेऊन दाखवला. तळहातावर घेऊन बघितला त्यांनी. मग म्हणाल्या, "आता माझा निराधार पगाराचा अर्ज कवा लिहितीस?"

टेम्पो पाठवू नकोस. दिवाळीला तुम्ही तिघं एस.टी.नं या. फराळ यंदा करायचा नसतो, शेजारून येईल. रागावायचं असेल तर इथं येऊन रागाव, पण मी मुरुम सोडणार नाही.

उद्या पेंटर येतोय. पाटीवरचं त्यांचं नाव राहील, त्याखाली माझं लिहायचं आहे. कसं लिहायचं ते इथं लिहून बघते.

तुझी आई,
दैवशाला उमाशंकर बिराजदार
अर्ज व टायपिंग