सतरा नंबरची काच

३ ऑक्टोबर, मंगळवार
नोकरी लागली! तीही किल्ल्यात. शहराच्या इतिहासाचं संग्रहालय तिथे आहे आणि मी तिथली भिंतींची नोंद ठेवणारी. जुन्या भेगांवर आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, एकूण सव्वीस. रोज सकाळी दहाला त्या पाहायच्या. काच अख्खी असेल तर वहीत ‘शाबूत’ लिहायचं. फुटली असेल तर भिंत हलली, म्हणून ‘तडा’. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालंय माझं.

आईला मात्र किल्ल्याचं नाव काढलेलं खपत नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच किल्ल्याच्या डागडुजीवर बाबा गवंडी होते. एका दुपारी डबा खाल्ला आणि गेले, ते गेलेच. मुकादम म्हणाला, कोणा बाईबरोबर पळाले. मी सहा वर्षांची होते. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव शिवीसारखं घेतलं जातं, आणि त्यात मी आईच्या दोन पावलं पुढेच आहे.

६ ऑक्टोबर
दक्षिण बुरुजात जुन्या नकाशांचं दालन आहे. तिथली सतरा नंबरची काच फुटली. संचालकबाईंना सांगितलं. पंचवीस तारखेला नव्या दालनांचं उद्घाटन आहे. त्यांनी चहा पाजला, उन्हाने काच फुटतेच म्हणाल्या, नवी लावून ‘शाबूत’ लिहायला सांगितलं. त्याच दमात मला कायम करण्याचा विषय काढला.

लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही. हे मुद्दाम नोंदवतेय, कारण उद्या मीच म्हणेन की अडखळला होता.

१० ऑक्टोबर
नवी काचही फुटली. तिच्यानंतरची पण. आज तुकडे उचलताना दिसलं, काचेच्या आतल्या बाजूला चुन्याची बोटं उमटली आहेत. चिकटवताना माझीच लागली असतील. पण माझी एवढी जाड नाहीत.

‘शाबूत’ लिहिलं.

१२ ऑक्टोबर
भिंतीतून ठोके येतात. दोन, मग थांबून एक.

भरदिवसा, अकरा वाजता. दालनात शाळेची सहल होती, कोणीही मान वळवली नाही. बाबा दगड बसवला की हातोडीच्या दांड्याने असेच ठोकायचे. घराच्या दारावरही तसेच. मी धावत जाऊन कडी काढायचे.

१३ ऑक्टोबर
म्हाताऱ्या रखवालदारकाकांना खोदून खोदून विचारलं. आधी उडवाउडवी केली, मग खाली बसले. त्या दुपारी बुरुजातली आतली वाट कोसळली होती. तेव्हाही उद्घाटनाची तारीख ठरलेली. ढिगारा उपसला नाही, पुढे भिंत घातली. काका म्हणाले, ‘‘आत एकच होता. दोन दिवस ठोकत होता.’’

त्यानंतर काकांना कायम केलं म्हणे.

अठ्ठावीस वर्षं आम्ही दोघी त्या माणसाला शिव्या घालत होतो. मला माझीच किळस आली.

१४ ऑक्टोबर
बाईंना बाबांचं सगळं सांगितलं, भिंत उघडा म्हणून हात जोडले. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. ‘‘तुमच्याच अक्षरात रोज शाबूत आहे. कोणती भिंत फोडू?’’

आपल्याच पायावर धोंडा. आईला अजून सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

१६ ऑक्टोबर
सतरा नंबरच्या भेगेतला मधला दगड सुटलाय. अंग तिरकं केलं तर आत जाता येईल. बाईंनी उद्यासाठी गवंडी बोलावलाय.

म्हणजे उद्या सकाळी, तो यायच्या आत. काहीतरी हाती लागलं पाहिजे. निदान आईला दाखवायला.

१७ ऑक्टोबर
‘तडा’ लिहिलं. पहिल्यांदा खरं लिहिलं. वही बाईंच्या टेबलावर ठेवली, ही डायरी तेवढी बरोबर घेतली.

आत आले. फटीतून थोडा उजेड आहे. हात पुढे केला, आणि कोणीतरी तो धरला. खरखरीत. चुन्याचा. रस्ता ओलांडताना धरायचे तसाच —

सोडत नाहीत. डाव्या हाताने लिहितेय —

गवंडी आला. दगड परत बसवतोय. मी ओरडतेय, पण माझ्या तोंडून आवाज — ठोकेच निघतात. दोन. एक.

गवंडी थांबला. म्हणतोय, आत कोणीतरी आहे. बाईंनी वही दाखवली. आजचं पान फाडलं असणार — शाबूत, म्हणाल्या —

काका विचारतायत, पोरगी कुठे गेली. बाई म्हणाल्या, ‘‘न सांगता गेली. बापावर गेली.’’

काकांची पावलं लांब गेली —

आईला हे पटेल. लगेच पटेल —

उजेड बोटभर उरलाय —

आई, बाबा गेले नव्हते. मी पण गेले ना